गेलेली पोरं परत कशी आली? सातारा १९४२ ते १९४८ आणि आजचा प्रश्न



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर जरा जड शब्दांत छापला गेला आहे. ‘कट्टरता, हिंसक अतिरेक आणि शांततेचे काम’. हे शब्द गेली पंधरा-वीस वर्षं जगभर फिरताहेत. परिषदा भरतात, अहवाल निघतात. आणि ऐकणाऱ्याला वाटतं की हा सगळा इराक, सीरिया, सोमालिया असल्या देशांचा मामला आहे. पाटणमध्ये, कोयना आणि केरा नद्यांच्या काठावर बसून आपण त्याचं काय करायचं? आमचं म्हणणं असं की, या विषयावर बोलायला पाटणइतकी योग्य जागा क्वचित सापडेल. तरुण पोरं शांततेच्या वाटेवरून हत्याराकडे का जातात, गेलेली परत कशी येतात, आणि परत आल्यावर सुद्धा काय शिल्लक राहतं, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं जुन्या सातारा जिल्ह्याने स्वतःच्या अंगावर लिहून ठेवली आहेत. जुना सातारा म्हणजे आजचा सातारा आणि सांगलीचा बराचसा भाग. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं.

आधी शब्द नीट लावू

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे शब्दांपाशी थोडं अडखळायची सवय आहे. ती सहन करा.

‘कट्टर’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. कट्टर वारकरी म्हणजे वारी न चुकवणारा माणूस. त्यात दोष काही नाही. मत टोकाचं असणं हा गुन्हा नव्हे. फुल्यांचं मत त्यांच्या काळात टोकाचंच होतं. मुलींना शिकवायचं, अस्पृश्यांना हौद खुला करायचा, याहून टोकाचं १८५०-६० च्या पुण्यात काय होतं? म्हणून मत टोकाचं आहे एवढ्यावरून कुणाला धोकादायक ठरवलं, तर सगळे सुधारक आधी तुरुंगात जातील.

प्रश्न सुरू होतो तो दुसऱ्या पायरीवर. समोरचा माणूस चुकतो आहे, इथपर्यंत मतभेद. समोरचा माणूस माणूसच नाही, आणि त्याच्या जातीचा, धर्माचा, पक्षाचा कुणीही सापडला तरी चालेल, इथून हिंसक अतिरेक. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसांनी २०१६ च्या सुरुवातीला हिंसक अतिरेक रोखण्यासाठी एक कृती-आराखडा मांडला. त्या आराखड्यानेही हिंसक अतिरेकाची पक्की व्याख्या केलेली नाही. ते काम देशांवर सोडलं आहे. त्यात सोय आहे तशी मोठी जोखीमही आहे. व्याख्या ज्याच्या हाती, तो आपल्या विरोधकाला त्यात बसवू शकतो. इंग्रज सरकारच्या व्याख्येत नाना पाटील काय होते? फरारी गुन्हेगार. आपल्या व्याख्येत? क्रांतिसिंह.

तेव्हा प्रतिसरकारची गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत ती नाना पाटलांना अतिरेकी ठरवण्यासाठी नाही, आणि त्यांची आरती ओवाळण्यासाठीही नाही. हत्यार हातात घेतलेल्या चळवळीने स्वतःला कुठे आवरलं आणि कुठे तिला आवरता आलं नाही, हे बघण्यासाठी सांगायची आहे.

मोर्चे आणि बंद झालेली दारं

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँकवर ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वरचे सगळे पुढारी आत गेले. साताऱ्यात काय झालं? लोकांनी लगेच बंदुका काढल्या नाहीत. त्यांनी मोर्चे काढले. २४ ऑगस्टला कराडच्या कचेरीवर हजारो माणसं चालून गेली. पुढे उंडाळ्याचे बाळकृष्ण पाटील. त्या मागोमाग आपल्या पाटणच्या कचेरीवर मोर्चा आला. ३ सप्टेंबरला तासगाव. ही तिन्ही ठिकाणं शांततेत पार पडली. शेतकरी माणूस, डोक्याला मुंडासं, हातात झेंडा. मामलेदार कचेरीवर तिरंगा लावायचा आणि घरी जायचं, एवढीच मागणी. आज आपण ज्याला सनदशीर निदर्शन म्हणतो, त्याच्या अगदी जवळचं हे होतं.

मग ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला. वडगावचे परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती पडले. दुसऱ्याच दिवशी, १० सप्टेंबरला, इस्लामपूरला पुन्हा गोळीबार. पंड्या नावाचे तरुण अभियंते आणि विष्णू बारपटे गेले. त्यानंतर धरपकड, घरांवर छापे, जप्त्या, सामुदायिक दंड.

आता इथे जरा थांबू. १९४२ चा ऑगस्ट आणि १९४३ चा उन्हाळा यांच्यामध्ये या जिल्ह्यातल्या पोरांच्या मनात काय बदललं? स्वातंत्र्य पाहिजे हे मत आधीही होतं, नंतरही होतं. मतात काडीचा फरक पडला नाही. फरक पडला तो वाटेत. कचेरीपर्यंत चालत जाऊन काही सांगता येतं, हा विश्वास वडूजच्या मैदानात मेला.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाने २०१७ साली आफ्रिकेतल्या अशा तरुणांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. सशस्त्र गटांत स्वतःहून गेलेल्यांना विचारलं, शेवटचा धक्का कोणता होता? ७१ टक्के जणांनी सरकारी कारवाईकडे बोट दाखवलं. घरातला कुणी मारला गेला, मित्र पकडला गेला, असं काहीतरी. धर्मग्रंथातलं वचन वाचून गेलो, असं सांगणारे त्यामानाने मागे राहिले. हे वाचताना आम्हाला वडूज आणि इस्लामपूर आठवल्याशिवाय राहिलं नाही. माणसं पुस्तक वाचून हत्यार उचलतात, हा शहरी लोकांचा समज आहे. बहुतेक वेळा माणूस अपमान आणि प्रेत बघून हत्यार उचलतो. पुस्तक त्याला नंतर कुणीतरी आणून देतो, कारण सांगायला.

म्हणून पहिला धडा पोलिसांना आणि सरकारला आहे, आणि तो कुठलंही सरकार असलं तरी लागू आहे. शांत मोर्चावर झाडलेली गोळी ज्याला लागते तो एक असतो. ती बघून वाट बदलणारे शंभर असतात.

लगाम असलेली हिंसा

१९४३ मध्ये प्रतिसरकार उभं राहिलं आणि १९४६ पर्यंत ते चाललं. नाना पाटील येडेमच्छिंद्रचे. तलाठ्याची नोकरी १९३० मध्ये सोडून चळवळीत आलेले. कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, कवठ्याचे किसन वीर आणि गावोगावची शेकडो माणसं. कुंडलला तुफान सेना तयार झाली, कॅप्टन रामभाऊ लाड तिचे प्रमुख. १९४३ च्या जूनमध्ये शेणोलीजवळ रेल्वेवर छापा पडला. १९४४ च्या एप्रिलमध्ये धुळे जिल्ह्यात सरकारी खजिना लुटला. हे सगळं शाळेच्या पुस्तकात आहे, त्यावर आम्ही वेळ घालवत नाही.

आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. ज्या चळवळी निव्वळ बंदुकीवर उभ्या राहतात त्या दोन-तीन वर्षांत दरोडेखोरी तरी होतात किंवा आपसांत कापाकापी तरी करतात. प्रतिसरकारचं बहुतांशी तसं झालं नाही. का झालं नाही?

एक कारण, त्यांच्या कामाचा मोठा भाग बंदुकीचा नव्हताच. पोलीस राजकीय लोकांच्या मागे लागल्यावर खेड्यांतून चोर-दरोडेखोर मोकाट सुटले होते. त्यांचा बंदोबस्त, सावकाराशी तडजोड, बांधाचे तंटे, नवऱ्याने टाकलेल्या बाईचा निवाडा, दारूबंदी, कमी खर्चात लावलेले ‘गांधी विवाह’. गावोगाव न्यायदान मंडळं होती. म्हणजे या पोरांना रोज सकाळी उठून ‘आज कुणाला मारायचं’ याच्याऐवजी ‘आज कुणाचा तंटा मिटवायचा’ असा विचार करावा लागे. माणूस रोज जे काम करतो त्याने तो घडतो.

दुसरं कारण, ते गावाच्या भाकरीवर जगत होते. हाना आरेंट या विदुषीने १९७० साली हिंसेवर एक छोटं पुस्तक लिहिलं. तिचा मुद्दा थोडक्यात असा की, सत्ता आणि हिंसा एक नव्हेत. सत्ता लोकांच्या संमतीतून येते. संमती आटली की माणूस हिंसेकडे धावतो. प्रतिसरकारला हे पुस्तकाआधी पंचवीस वर्षं कळलं होतं. रात्री कोणत्या वस्तीवर झोपायचं हे बंदूक ठरवत नव्हती. दार उघडणारी म्हातारी ठरवत होती. तिने दार लावलं तर चळवळ संपली. त्या म्हातारीची मर्जी हा त्यांचा लगाम होता.

आता दुसरी बाजू. लगाम होता म्हणजे सुटला नाही असं नाही. लोकांनी प्रतिसरकारला ‘पत्री सरकार’ म्हटलं. बैलाला पत्र्या ठोकतात तशा माणसाच्या पायाला ठोकत, अशी दंतकथा पसरली. कार्यकर्ते मात्र सांगत आले की तळपायांवर काठीने मारायची शिक्षा होती, पत्री ठोकत नव्हते. बरं, तळपायावर काठी तर काठी. ती ज्याच्या पायावर बसली त्याला वकील नव्हता, अपील नव्हतं. कुणी खबऱ्या म्हणून बोट दाखवलं आणि बोट दाखवणाऱ्याचं त्या माणसाशी जुनं वैर असलं, तर? आमच्या लहानपणी, म्हणजे साठीच्या दशकात, त्या काळातली माणसं गावोगाव हयात होती. प्रतिसरकारच्या गोष्टी ती छाती पुढे काढून सांगायची. पण काही घरांत तो विषय निघाला की बोलणं बंद व्हायचं. ती शांतता सुद्धा इतिहासच आहे, आणि तो कुठल्याही स्मारकावर कोरलेला नाही.

चांगल्या हेतूने आणि चांगल्या माणसांनी चालवलेल्या हिंसेतही ही अडचण राहतेच. निवाडा करणारा, शिक्षा देणारा आणि चूक झाली का हे तपासणारा एकच असतो.

गांधींचा निरोप आणि इस्लामपूरचे आचार्य

मे १९४४ मध्ये गांधीजी आगाखान पॅलेसमधून सुटले. भूमिगतांनी गुप्तता सोडावी आणि उघडपणे बाहेर यावं, असा त्यांनी सल्ला दिला. काही आले. साताऱ्यातले बहुतेक आले नाहीत. अच्युतराव पटवर्धनही १९४६ पर्यंत भूमिगतच राहिले. गांधींच्या नावाने लग्नं लावणारी माणसं गांधींचा सल्ला मानत नव्हती. यात ढोंग होतं असं आम्हाला वाटत नाही. बाहेर आलो तर पुढे काय, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. फाशी, जन्मठेप, मागे राहिलेल्या गावावर सूड. परत यायला सांगणं सोपं असतं. परत यायला जागा लागते.

याच मुलखात इस्लामपूरला एक मोठा विचारवंत राहत होता, आचार्य शंकर दत्तात्रेय जावडेकर. त्यांचा ‘आधुनिक भारत’ हा ग्रंथ १९३८ चा. समाजवाद पाहिजे, पण सत्याग्रहाच्या मार्गाने, असं ते आयुष्यभर मांडत राहिले. साध्य चांगलं असेल तर साधन कसंही चालेल, ही समजूत त्यांना मान्य नव्हती. आपण हा मुद्दा नीतिपाठासारखा ऐकतो आणि सोडून देतो. तो नीतीइतकाच व्यवहाराचा आहे. तुम्ही जे साधन वापरता ते काम झाल्यावर कपाटात जाऊन बसत नाही. ते तुमच्या हाताला सवय लावून जातं. तुमच्या नाही तर तुमच्याकडे बघणाऱ्या पोरांच्या हाताला.

परत यायची तीन दारं

एप्रिल १९४६ मध्ये मुंबईत बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं, वॉरंटं मागे घेतली गेली आणि नाना पाटील उघडपणे लोकांत आले. इथे जगातले शांततेचे अभ्यासक ज्याला फार किंमत देतात ती गोष्ट घडली. सशस्त्र माणसं घरी परतली.

परत येण्याला तीन दारं होती असं आम्ही मांडतो.

पहिलं दार कायद्याचं. खटला नाही, सूड नाही.

दुसरं दार राजकारणाचं. यशवंतराव चव्हाण १९४६ च्या निवडणुकीत विधिमंडळात गेले. पुढचा प्रवास तुम्हाला ठाऊक आहे. नाना पाटील काँग्रेसमध्ये रमले नाहीत. शेतकरी कामगार पक्ष, मग कम्युनिस्ट पक्ष. १९५७ ला साताऱ्यातून आणि १९६७ ला बीडमधून ते लोकसभेत निवडून गेले. म्हणजे सरकारशी भांडण संपलं नाही. भांडायची जागा बदलली. हे फार महत्त्वाचं आहे. माणसाला मवाळ व्हायला सांगू नका. जहाल राहा, पण सभागृहात या, असं म्हणा. पुष्कळ लोक येतात.

तिसरं दार पोटाचं आणि मानाचं. सहकारी संस्था, साखर कारखाने, पाणीपुरवठा योजना, शाळा, वसतिगृहं. १९४५ मध्ये पोलिसांशी झालेल्या चकमकीत किसन अहीर आणि नानकसिंग मारले गेले. त्याच किसन अहिरांच्या नावाने नागनाथअण्णांनी वाळव्याला सहकारी साखर कारखाना उभा केला. हुतात्म्याच्या नावाने सूडही घेता येतो आणि उसाला दरही देता येतो. अण्णांनी दुसरं केलं. पुढे तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाण्यासाठी आटपाडीत पाणी परिषदा भरल्या, त्यातही अण्णा पुढे. ज्या हातांनी १९४४ मध्ये खजिना लुटला त्याच हातांनी पन्नास वर्षांनी निवेदनं दिली. यात पराभव काही नाही.

आज गडचिरोलीत शरण येणाऱ्या नक्षलवाद्यांसाठी राज्याची योजना आहे, २००५ पासून. पैसे, घर, काम. ते हवंच. पण साताऱ्याकडे बघून असं वाटतं की पैसा आणि घर यांनी तिसऱ्या दाराचा अर्धाच भाग उघडतो. उरलेला अर्धा मानाचा. परत आलेला माणूस गावात खाली मान घालून हिंडला, तर तो मनाने परत आलेलाच नसतो.

१९४८: जे परत आलं नाही

गोष्ट इथे संपवली असती तर ती गोड झाली असती. पण ३० जानेवारी १९४८ आली.

गांधीजींचा खून करणारा ब्राह्मण, म्हणून पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जळाली. सातारा जिल्हा, सांगली, कोल्हापूर, औंध या भागांत ते लोण जोरात होतं. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला. किती कुटुंबं चार भांडी घेऊन पुण्या-मुंबईला गेली आणि पुन्हा गावी आलीच नाहीत. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘वावटळ’ या कादंबरीत हा काळ उभा केला आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांनी जरूर वाचा.

अहिंसेच्या माणसाच्या नावाने आग लावली गेली. हे कसं झालं?

त्याला जुनी कारणं होती. सावकारी, कुळकर्णी वतन, देवळातला भेद. १९२० च्या आसपास सत्यशोधकांनी याच गावांतून त्याविरुद्ध रान उठवलं होतं. तक्रार खरी होती. अन्याय खरा होता. पण खऱ्या तक्रारीवरून आग लावायच्या निर्णयापर्यंत जाताना एक मोठी उडी घ्यावी लागते. ‘एका ब्राह्मणाने केलं’ इथून ‘ब्राह्मणांनी केलं’ आणि तिथून ‘या घरातल्या म्हातारीने केलं’. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आम्ही मुलांना शिकवायचो की एकाचा गुण सगळ्यांना लावणं हा हेत्वाभास आहे. वर्गात त्याला दोन गुण होते. फेब्रुवारी १९४८ मध्ये त्याच हेत्वाभासाने घरं जाळली.

हे प्रतिसरकारच्या लोकांनी केलं, असं सरसकट म्हणणं अन्यायाचं होईल. तसं म्हणणं म्हणजे तोच हेत्वाभास उलट्या बाजूने करणं. आणि शेजाऱ्याला धान्याच्या कणगीमागे लपवणारी मराठा, मुसलमान, महार घरंही याच गावांत होती. पण एक प्रश्न टाळता येत नाही. चार वर्षं ज्या पोरांनी पाहिलं होतं की शत्रूला धडा गावातच, रात्री, जमावाने द्यायचा असतो, त्यांना १९४८ च्या फेब्रुवारीत हात आखडायला कोण सांगणार होतं? १९४६ मध्ये संघटना विसर्जित झाली, पुढारी मुंबईला गेले. तुफान सेनेतल्या माणसाला शिस्त होती. काठावर उभं राहून बघणाऱ्याला शिस्त नव्हती. त्याने नुसती रीत उचलली. परत यायची दारं लढणाऱ्यांसाठी उघडली गेली, बघणाऱ्यांचा विचार कुणी केला नाही. आमच्या मते आजच्या विषयातला सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा हा आहे.

पाटणने बंदूक का उचलली नाही?

आता खास पाटणचा प्रश्न. स्वातंत्र्यानंतर कोयना धरण आलं. साठच्या दशकात सगळ्या राज्याला वीज मिळाली आणि खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली. माणसं कुठे कुठे विखुरली. पुनर्वसनाची कागदपत्रं तीन पिढ्या फिरत राहिली. वरून ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप. त्यानंतर अभयारण्य, व्याघ्र प्रकल्प. अन्यायाची यादी काढली तर जगात जिथे जिथे बंडं झाली, त्यांतल्या कित्येक ठिकाणांहून ही यादी लांब आहे. तरी कोयनेच्या धरणग्रस्तांनी बंदूक उचलली नाही. ठिय्या मांडला, लाँग मार्च काढले, पुन्हा ठिय्या मांडला.

याचं श्रेय नुसतं ‘आपली माणसं सोशीक’ असं म्हणून उडवू नका. सोशीकपणा हा काही संघटना उभी करत नाही. यामागे माणसं आहेत. कासेगावचे बाबुजी पाटणकर प्रतिसरकारातले कार्यकर्ते. १९५२ मध्ये त्यांचा खून झाला. त्यांच्या पत्नी इंदुताईंनी चळवळ सोडली नाही. मुलगा डॉ. भारत पाटणकर. सूड घ्यायला याहून मोठं कारण कुणाला असणार? त्यांनी श्रमिक मुक्ती दलामार्फत धरणग्रस्तांना रस्त्यावर बसायला शिकवलं, आकडे मांडायला शिकवलं, मंत्रालयात जाऊन न ओरडता भांडायला शिकवलं.

दुसरी वाट मुंबईची. पाटण तालुक्यातला गडी मुंबईला गेला तो पाठीवर पोती वाहायला. मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील यांनी त्याला संघटनेत आणलं, आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. ज्याच्या पाठीवरचं ओझं कुणी मोजत नव्हतं त्याच्या ओझ्याला दर मिळाला, नाव मिळालं, भविष्य निर्वाह निधी मिळाला. आंतरराष्ट्रीय अहवालांत याला अतिरेक रोखण्याचा उपक्रम म्हणणार नाहीत. आम्ही म्हणतो. तेवीस वर्षांच्या, घरापासून लांब, रिकाम्या, चिडलेल्या पोराला हमालीत मान मिळाला, तर त्याला हत्यार देऊ करणाऱ्याला ग्राहक मिळत नाही.

आणि तिसरी वाट कर्मवीरांची. रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये कराडजवळ काले इथे सुरू झाली. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एकत्र स्वयंपाक करून एकत्र जेवत; १९२७ मध्ये गांधीजी ते बघून गेले. ज्याच्याबरोबर चार वर्षं एका पंगतीत भाकरी खाल्ली त्याचं घर जाळायला हात उचलत नाही. उचलला तरी थरथरतो.

आज

आता आजचं. २००९ च्या सप्टेंबरमध्ये गणेशोत्सवात एका कमानीवरच्या चित्रावरून मिरजेत दंगल पेटली. त्याच मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब राहिले आणि तिथले तंतुवाद्य करणारे कारागीर आजही सतार घडवतात. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये आपल्याच जिल्ह्यात, खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत, समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून जमाव चालून गेला आणि एका तरुणाचा जीव गेला. पुसेसावळी वडूजपासून लांब नाही. १९४२ मध्ये ज्या तालुक्यातली पोरं गोळी झेलायला गेली, त्या तालुक्यात हे झालं.

यात ना प्रतिसरकारसारखा लगाम आहे, ना न्यायदान मंडळ, ना दार लावू शकणारी म्हातारी. मोबाईलवर मजकूर आला. कुणी टाकला, खरा की खोटा, ठाऊक नाही. ‘एकाने केलं’ पासून ‘त्यांनी केलं’ पर्यंत जायला १९४८ मध्ये निदान दोन-चार दिवस लागत होते. आज तासभर पुरतो.

मग करायचं काय? आम्ही तीन गोष्टी सांगतो, तिन्ही जवळच्या.

भिवंडीत १९८४ मध्ये भीषण दंगल झाली. नंतर तिथे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं, पोलीस हवालदारासह, नियमाने एकत्र बसायची, ती सुद्धा काही घडलेलं नसताना. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी पेटली नाही. दंगल झाल्यावर शांतता समिती बोलावणं म्हणजे घर जळाल्यावर विहीर खणणं.

दुसरं, तंटामुक्त गाव मोहीम. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना २००७ मध्ये ती सुरू झाली. गावातला तंटा गावात मिटवायचा. बांध, वाटणी, किरकोळ मारामाऱ्या. पुढे तिचा जोर ओसरला, बक्षिसाच्या पाट्या राहिल्या. त्या समित्या पुन्हा जाग्या करा आणि त्यांच्याकडे एक नवं काम द्या. गावात फिरणारा भडक मजकूर आला की रात्रीच्या आत दोन्हीकडच्या चार माणसांनी एकमेकांच्या दारात जाऊन विचारायचं, हे खरं आहे का?

तिसरं, बघ्यांची शाळा. पुढाऱ्यांना सगळे शिकवतात. काठावर उभं राहून व्हिडिओ काढणाऱ्या पोराला कुणी शिकवत नाही. त्याला वर्गात १९४८ शिकवा. वडूजचे हुतात्मे आपण शिकवतो, शिकवलेच पाहिजेत. पण त्याच जिल्ह्यातली जळालेली घरं गाळून टाकली, तर मुलाला एवढंच समजतं की जमाव नेहमी बरोबर असतो. जमाव कधी बरोबर असतो आणि कधी नसतो, हे त्याला सहा वर्षांच्या अंतराने, एकाच जिल्ह्यात, दोन्ही प्रकारे दाखवता येतं. एवढी चांगली शाळा दुसरीकडे कुठे मिळणार?

कसोटी सोपी आहे, आणि ती मुलांनाही सांगता येते. कराडच्या आणि पाटणच्या मोर्चात जाणारा माणूस कचेरीकडे चालला होता, तोंड उघडं ठेवून, दिवसाढवळ्या, सत्ता ज्याच्या हातात आहे त्याच्यासमोर. १९४८ चा आणि परवाचा जमाव शेजाऱ्याच्या घराकडे चालला होता, अंधारात, ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्यावर. आपले पाय कुठल्या दिशेला चाललेत, एवढं प्रत्येकाने बघायचं.

वेळ झाली. आम्ही थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ. आणि ज्यांच्या घरात पत्री सरकारच्या काळातली किंवा अठ्ठेचाळीसच्या सालातली आठवण असेल, गौरवाची असो की न बोललेली, त्यांनी ती लिहून काढावी. ती माहीत असलेली माणसं आता फार थोडी उरली आहेत.